मायले विमानातून आणणं

बहिणीकडं बंगलोरले गेलेल्या मायले विमानानं नागपूरले आणत होतो. बेल्ट लागला, ढग पाहून झाले, उपमा-चहा झाला, इथपर्यंत मस्त चाललं होतं राजेहो. मग हातमोजेवाली पोरगी कचऱ्याची पिशवी घेऊन आली, अन् त्या एकाच पिशवीत अर्धा उपमा, कागदी कप, बाटल्या, टिश्यू सगळं धडाधड जाताना मायनं पाहिलं.

"काऊन व बाई, ओला-सुका एकातच?"

गावात घंटागाडीवाला पोट्टा याच्यावरूनच मायले रोज बोलते, ते दुखणं ताजं होतं. पोरगी हसली, "आंटी, कप द्या ना." मायनं कप पदराखाली घेतला. वांग्याची रोपं लावाची म्हणे.

लोकं माना वर करून पाहायले लागले. मायले गप करासाठी मी म्हटलं, माय हे तं काहीच नाही, आयाटावाले, म्हणजे जगभरच्या विमान कंपन्यायची संघटना, सांगतात की 2023 मध्ये जगभरच्या विमानातून 36 लाख टन कचरा निघाला, त्यात 65 टक्के खाण्यापिण्याचाच, अन् कितीतरी जेवणाचं तं झाकणही उघडलेलं नसते.

"झाकणही नाही?" माय अशी ओरडली की पुढचा झोपलेला साहेब दचकून उठला. "जनावराले तरी टाका!"

तेही जमत नाही म्हटलं. ब्रिटन-युरोपात परदेशातून आलेल्या विमानातलं उरलेलं जाळतात नाहीतर खोल पुरतात. 2001 मध्ये ब्रिटनमध्ये खुरकुताची साथ आली, डुकरायले न उकळता घातलेल्या खरकट्यातून आली असं मानतात, 60 लाखांच्या वर जनावरं मारा लागली.

हे मायले एका झटक्यात पटलं. गोठ्यातले बैल खुरीनं लंगडताना पाहिलेल्या बाईले हा नियम समजवून सांगा लागत नाही. "बरोबर आहे त्यायचं, जाळाच लागते." मी सुटलो म्हणून मान मागं टेकवली.

"पण बाबू, कपाले कुठं खुर असते?"

आता? मी सांगितलं की कप दिसते कागदाचा पण आतून प्लास्टिकचा पातळ थर असते, म्हणून रद्दीवालाही घेत नाही. तं ती अजूनच खुश, "मंग ओल धरन नं!"

एका काकूनं आपला कप पुसून पुढं केला. मग झोपमोड झालेल्या साहेबानं, मग कॉलेजच्या पोट्ट्यायच्या आख्ख्या लाइननं. उतरायच्या वेळेस पिशवीवाली पोरगीच येऊन हळूच विचारते, आंटी, मागच्या सीटवरचे पण देऊ का?

मायची थैली भरली तवा माझ्या बॅगेतला लॅपटॉप बाहेर निघाला अन् कप आत गेले. आर्वीपर्यंत लाल डब्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन आलो, अन् माय कंडक्टरले सांगत होती, बॅगवर पाय नको देऊ भाऊ, आत नाजूक सामान आहे.