टिनाखाली समर कॅम्प

गावात पोरांसाठी उन्हाळी कला-शिवण शिबिर भरवायचं मनात असेल, तर अजिबात मागे हटू नका. बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्यालाच शाळेची घंटा होते, आपल्या विदर्भात महिना सरत आला की. म्हणजे पोट्टे आपल्या हाती जास्त दिवस लागतात. एवढी फीसलायक जनता घरोघरी आंबे चोखत बसलेली पाहून कोणत्या समाजसेवकाचा जीव तळमळणार नाही?

जागा समाजमंदिराचीच घ्या. वर टिन, बाहेर पारा ४५च्या घरात. वेळ दुपारी बारा ते तीन. सकाळी सातला गावात बरं वाटतं, हे खरं. पण शिकवणाऱ्या ताई तालुक्याहून येतात आणि त्यांची एसटी साडेअकराला फाट्यावर लागते. कला म्हणजे तपश्चर्या. टिनाखाली ती वेगळी करावी लागत नाही. कूलर एकच आणा आणि त्याचं तोंड ताईंच्या टेबलाकडे करा. फ्लेक्सवर शिवणयंत्राचा फोटो हवाच, पण पाहुण्यांचे चेहरे दहाच्या वर गेले तर यंत्राला खाली उतरवा. यंत्र रुसत नाही.

मशीन तीस पोरींत एक पुरे, आणि तीही मोटरची. पायाची मशीन चुकूनही आणू नका. लाईन असो-नसो ती चालत राहते, मग पोरी खरंच शिवायला शिकतात आणि पुढच्या वर्षीच्या शिबिराला कोणी उरत नाही. मोटरचं बरं असतं. लाईन गेली की वह्या काढायच्या आणि मशीनचे भाग उतरवून घ्यायचे : चाक, पट्टा, बॉबिन, शटल. आकृतीला पेन्सिल, नावाला पेन. यात चार दिवस जातात. एखादी पोरगी म्हणेल, ‘‘आमच्या घरी पायाची आहे. चाक उलटं फिरलं की धागा तुटते. आई म्हणते, आधी बिनधाग्याची सुई वहीच्या रेघेवर चालवा, हात सरळ होते.’’ तिला ‘‘पुढे घेऊ’’ म्हणा आणि मागच्या रांगेत बसवा.

मग येतं झबलं. झबल्याशिवाय आपल्याकडे शिवणकलेला मोक्ष नाही. पण कापड काढू नका, वाया जातं. वर्तमानपत्र आणा. छातीचा चौथा भाग अधिक एक इंच, खुणा करा, कात्री लावा. आमच्या भाचीने असं झबलं कापलं, तेव्हा कापसाचा भाव नेमका काखेत गेला. तिच्या घरी न विकलेला कापूस अजून खोलीत पडून होता, त्यामुळे तिच्या बापाला ते झबलं फार आवडलं. आपण ज्या पट्ट्यात राहतो तिथे पेरणीपासून कर्जापर्यंत सगळं कापसावर चालतं. शिबिर तेवढं कागदावर चालवा.

मुलांनी मशीनजवळ येऊ नये. एकजण येईलच, सातवी-आठवीतला. म्हणेल, मला पॅंट शिवायची आहे. त्याला हसून सांगा, हे पोरींचं काम. ज्या टेलरने तुमचा सदरा शिवला तो पुरुष, त्याचा बाप टेलर, तोही पुरुष. हे त्याच्या ध्यानात येण्याआधी त्याला चित्रकलेच्या सतरंजीवर बसवा. तिथे दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि कडेला नारळाचं झाड काढायला द्या. समाजमंदिरासमोरचा कडुनिंब काढू नये. तो रोज दिसतो, त्यात कल्पकता कसली?

मोठ्या पोरींना क्विलिंग शिकवा. कागदाची पट्टी काडीला गुंडाळायची आणि अलगद काढून घ्यायची, अशी ही परदेशी कला आहे. त्याच पोरी सकाळी आईजवळ बसून काडीवर कणकेचे सरगुंडे वळून आलेल्या असतात. पण सरगुंड्यांना फ्रेम नसते, ते आमरसात जातात. कलेत मोडत नाहीत.

एखादे खादीवाले आजोबा समोर बसलेले असतील तर सांभाळून. ते उठून म्हणतील, आपल्या वर्ध्यातच १९३७ साली शिक्षण परिषद भरली होती. गांधीजींचं म्हणणं होतं, शिक्षण हातच्या उद्योगातूनच द्या. मग झाकीर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला. पोराने टकळीवर सूत काढायचं, तार मोजता मोजता गणित शिकायचं. आजोबांना वाकून नमस्कार करा, समारोपाला नारळ-शाल कबूल करा आणि गणित फीच्या पावतीपुरतं ठेवा.

खरा उपद्रव आजीचा. नातीला सोडायला म्हणून येते आणि ओसरीवर वाकळ पसरून बसते. खाली जुनं लुगडं, वर धोतराचे तुकडे, आणि कडेकडेने आत वळत जाणारा धावदोरा. तांदळाएवढा टाका, ना खूण ना पट्टी. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. उठायचं झालं की सुई तिथेच वाकळीत टोचून ठेवते. ताई तिला म्हणाल्या, ‘‘आजी, हे इथे नका पसरू, फोटोत येतं.’’ आजी म्हणाली, ‘‘काऊन व बाई, तुमी बी टाकाच शिकवून राह्यल्या ना?’’ अशा वेळी ताईंनी पाणी प्यायला आत जावं.

समारोपाला पाहुणे दोन तास उशिरा येतील आणि तोवर त्यांची लोखंडी खुर्ची उन्हात तापलेली असेल. गादी शोधत फिरू नका. ओसरीवरची वाकळ चार पदरी घडी करून खुर्चीवर टाका. पाहुणे तिच्यावर टेकतील आणि धावदोऱ्याचं पहिलं प्रमाणपत्र आजीच्याच नातीला देतील. आजी फोटोबाहेर उभी असेल. सुई काढली होती का, तेवढं मात्र तिला विचारू नका.