डिट्टो फोटो काढताना

हल्ली दिवाळीत आणि लग्नघरात एक हौस हमखास दिसते: अल्बममधला जुना फोटो शोधायचा, त्यातल्या हयात माणसांना गोळा करायचे, तसेच कपडे मिळवून तशाच पोझमध्ये उभे करायचे आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी जोडून टाकायचे. मला ही हौस मनापासून आवडते. मात्र तिचा सगळा भर 'डिट्टो' जमण्यावर असतो, आणि माझ्या मते त्यातली सर्वात बिनमहत्त्वाची बाब तीच आहे.

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या चाळीच्या अंगणात १९८३ च्या दिवाळीत काढलेला फोटो यंदा पुन्हा काढायचे ठरले. चाळ पुनर्विकासात गेली असल्याने अंगणाच्या जागी आता इमारतीचे पार्किंग आहे. तलावपाळीवर जाऊ या, पार्श्वभूमी तरी चांगली येईल, असे भाचरांचे म्हणणे होते. पण फोटो त्याच जमिनीवर काढायचा, मग मागे मोटारी दिसल्या तरी चालतील, असा आग्रह मी धरला. ठाण्याचे काय झाले, हे त्या मोटारींइतके स्पष्ट दुसरे कोण सांगणार?

भाचीने नव्या फोटोला जुन्यासारखी लालसर छटा दिली. रंगीत प्रिंटमधला निळसर रंग बहुधा आधी उडतो, म्हणून त्या काळातले बरेच फोटो आज तांबूस दिसतात. त्याहून जुने कृष्णधवल फोटो, त्यांतली प्रतिमा चांदीची असल्यामुळे, अजून खणखणीत आहेत. स्टुडिओतून धुऊन आला तेव्हा आमचा फोटो लाल नव्हताच. म्हणजे आपण नक्कल करतो ती त्या दिवसाची नव्हे, त्यानंतर कपाटात गेलेल्या चाळीस वर्षांची.

खरी गंमत माणसे उभी करताना आली. जुन्या फोटोत आजोबा खुर्चीत मध्यभागी, शेजारी आजी, मागे थोरले काका आणि बाबा, पुढे सतरंजीवर आम्ही मुले. आई आणि काकू मात्र डोक्यावर पदर घेऊन अगदी कडेला, इतक्या की काकूंचा अर्धा खांदा चौकटीबाहेर गेला आहे. आत्या म्हणाल्या, ''वहिनी, तुम्ही तिथेच उभ्या राहा, म्हणजे अगदी तसाच येईल.'' काकू निमूटपणे कडेला जाऊ लागल्या आणि मला ते बघवेना. त्या काळी कोणी कुठे उभे राहायचे हे कोणी कोणाला सांगत नसे, ते आधीच ठरलेले असे. तीच रचना आज हौसेने पुन्हा मांडायची, तर निदान ती आपल्याला दिसली तरी पाहिजे. शेवटी एक फोटो तसाच काढला आणि दुसऱ्यात काकूंना खुर्ची दिली. हा दुसरा फोटो कोणत्याही जुन्या फोटोशी जुळत नाही, आणि मला तोच अधिक आवडतो.

धाकटे काका तर जुन्या फोटोत कुठेच नाहीत, कारण उसना आणलेला कॅमेरा त्यांच्या हातात होता आणि ३६ फोटोंचा रोल गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरवायचा होता. आता मोबाइलला टायमर आहे, तर त्यांनीही उभे राहावे की नाही, यावर आमच्याकडे चक्क वाद झाला!

निकोलस निक्सन या अमेरिकी छायाचित्रकाराने १९७५ पासून आपली पत्नी आणि तिच्या तीन बहिणी यांचे दरवर्षी एकत्र फोटो काढले. उभे राहण्याचा क्रम तोच, पण कपडे त्या त्या वर्षीचे. वय लपवायचे नाही आणि सोंगही आणायचे नाही, हा साधेपणा आपल्याला का जमू नये?

एआय वापरून आजी-आजोबांना नव्या फोटोत बसवू या, ही सूचनाही आली. मी तिला ठाम विरोध केला. त्या दोघांचे फोटो आहेत तेवढे पुरेत. पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसलेले आजोबा आज आपल्याला गमतीचे वाटतील. पण आणखी पन्नास वर्षांनी हा फोटो पाहणाऱ्याला ते खरेच तिथे बसले होते असे वाटले, तर त्याची चूक काढायला आपण नसू.

आपल्याकडे असे फोटो असतील, तर कपड्यांची जमवाजमव करण्याआधी ते घरातल्या थोरल्यांसमोर ठेवून प्रत्येकाचे नाव, नाते आणि कॅमेरा कोणाच्या हातात होता ते विचारून घ्यावे. ही माहिती फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहावी. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला चेहऱ्यांवर उमटतो.