शौचावाटे रक्त आणि दूध-लिंबाचा मेसेज

गावागावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. संडासवाटे रक्त म्हणजे मूळव्याधच. रिकाम्या पोटी थंड दुधात अर्धं लिंबू पिळायचं, फाटायच्या आत प्यायचं, तीन दिवसांत मूळव्याध मुळासकट जाते. दवाखान्यात गेलात तर कापतील. अंगावर काढलीत तर तिचा कॅन्सर होतो. शेवटी ‘एका इंजेक्शनात इलाज’वाल्याचा नंबर. आमच्या काकाजींनी हे खरं धरलं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘मूळव्याधच’ हा शब्द सगळ्यात घातक. रक्त पडणाऱ्या बऱ्याच जणांना मूळव्याध किंवा गुदद्वाराला पडलेली चीर (फिशर) असते, एवढं मान्य. पण उरलेल्यांत आतड्याचा कॅन्सर असतो, आतड्याची सूज असते, रक्ताची आव असते, जठरातला अल्सर असतो.

मूळव्याधीचं रक्त लालभडक. शौच झाल्यावर टपटप पडतं, भांड्याच्या पांढऱ्या कडेला शिंतोडे उडतात आणि बहुधा दुखत नाही. चीर असेल तर काच फिरल्यागत दुखतं, रक्ताची एक रेघ दिसते आणि आग तासन्‌तास राहते. रक्त शौचात कालवलेलं असेल, शेंबडासारखा चिकटा पडत असेल, जाऊन आल्यावरही पुन्हा जावंसं वाटत असेल, शौचाची सवय काही आठवड्यांपासून बदलली असेल किंवा वजन उतरत असेल, तर मूळव्याध समजून बसू नका. आणि नुसत्या रंगावरही भरवसा नको: गुदाशयातल्या कॅन्सरच्या गाठीचं रक्त तितकंच लालभडक असतं, मूळव्याध आणि गाठ एकाच माणसाला असू शकते. वय तिशी-पस्तिशी आहे म्हणून सुटलो, असंही नाही.

डांबरासारखं काळं, चिकट, घाण वासाचं शौच म्हणजे रक्त वरून, जठराकडून येतंय. कापूस वेचणीच्या दिवसांत कंबरदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन रोज उपाशीपोटी गिळणाऱ्यांत आणि दारूने लिव्हर गेलेल्यांत हे होतं. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण ते डांबरासारखं चिकटत नाही. रक्ताच्या गाठी पडत असतील, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, दरदरून घाम सुटत असेल, तर थेट 108.

आपल्या भागात एचबी (हिमोग्लोबिन) कमी निघालं की सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) किंवा ‘जेवत नाही’ म्हणून विषय संपवतात. पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला लोह कमी पडून पंडुरोग झाला असेल, तर आतड्यातून रक्त झिरपतंय का, हे बघावंच लागतं.

आता दूध-लिंबू. दूध तसंही जठरातल्या आम्लाने फाटतंच. त्याने गुदद्वाराच्या फुगलेल्या शिरा आकसत नाहीत. मग तिसऱ्या दिवशी रक्त थांबतं कसं? मूळव्याधीचं रक्त पुष्कळदा आपोआपच थांबतं. पण गाठीचं रक्तही असंच थांबतं आणि महिन्याभराने परत येतं. मधला महिना लिंबाला श्रेय देण्यात जातो.

खाण्याने फरक पडतो, हे मात्र खरं. कोक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या 2005 च्या आढाव्यात 7 चाचण्या आणि 378 रुग्ण होते. चोथा वाढवलेल्यांत मूळव्याधीचा रक्तस्राव जवळपास निम्म्यावर आला. म्हणजे ज्वारीची भाकर, पालेभाजी, रात्री दोन चमचे इसबगोल मोठ्या गिलासभर पाण्यात. कोरडं फाकू नका, घशात अडकतं. कुंथणं बंद. चीर असेल तर कोमट पाण्याच्या टबात 10-15 मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा बसा.

कापाकापीची भीती खोटी. पहिली तपासणी म्हणजे कुशीवर झोपून, गुडघे पोटाशी, जेल लावलेलं बोट. मिनिटभराचं काम, आणि गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ बोटाला लागते. मग छोटी नळी, गरज पडली तरच दुर्बीण. बायांनी महिला डॉक्टर किंवा सोबत नर्स मागावी, तो हक्क आहे. सुरुवातीच्या मूळव्याधीला बहुधा ऑपरेशन लागतच नाही.

मूळव्याधीचा कॅन्सर होत नाही.

त्या नंबरवर मात्र फोन करू नका. बाजाराच्या दिवशी खोली घेऊन बसणारा काय टोचतो, हे कुणाला ठाऊक नसतं. जळजळीत द्रव चुकीच्या जागी गेलं की मांस सडतं, पू होतो, नंतर शौचाची वाटच आक्रसते. क्षारसूत्र, म्हणजे औषध लावलेला दोरा बांधणं, ही आयुर्वेदातली खरी पद्धत आहे, विशेषतः भगंदरासाठी, पण ती शल्यतंत्र (आयुर्वेदातली शस्त्रक्रिया) शिकलेल्या वैद्याकडूनच.

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात ‘मूळव्याध आहे, गोळी द्या’ म्हणू नका. ‘रक्त पडतं, आतून तपासा’ म्हणा. किती दिवसांपासून, रंग कसा, कालवलेलं की नंतर टपकणारं, दुखतं का, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का, हे सांगा. मोबाइलवर फोटो काढून न्या, लाजू नका. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवा, रक्त पातळ करणारी असेल तर ती आधी दाखवा.