घड्याळ बिघडलं नव्हतं, काळच मंदावला होता

“काळ कधीच हळू होत नाही, हळू होतं ते घड्याळ. उंचीवर गुरुत्वाकर्षण बदलतं, विमानात हादरे बसतात, यंत्र चुकतं आणि त्यालाच सापेक्षता म्हणतात. जीपीएसची घड्याळंसुद्धा मागाहून जुळवून घेतलेली आहेत.” अशा अर्थाचा मजकूर सध्या मोबाइलवर सगळीकडे फिरतो आहे. विज्ञान आवडणारी माणसंही तो पुढे पाठवतात याचं वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो. आइन्स्टाइनची सापेक्षता म्हणते, की वेगात असताना किंवा गुरुत्वाकर्षण जास्त असलेल्या ठिकाणी काळच हळू चालतो.

पहिला मुद्दा गुरुत्वाकर्षणाचा. लंबकाच्या घड्याळापुरता तो अगदी बरोबर आहे. आमच्या घरच्या जुन्या घड्याळात पितळी चकतीखाली एक बारीक नट आहे. उन्हाळ्यात लंबकाची दांडी वाढून घड्याळ मागे पडायला लागलं, की तो फिरवून चकती केसभर वर घ्यायची. गुरुत्वाकर्षणानंही तेच होतं. १६७२ साली ज्यां रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून दक्षिण अमेरिकेत, विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तेव्हा त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. हा दोष यंत्राचाच होता.

पण लंबकाचं घड्याळ उंचावर नेलं तर ते मागे पडतं. अणुघड्याळ पुढे जातं. दिशाच उलटी! अणुघड्याळात लंबक नसतो. सिझियमच्या अणूशी जुळणाऱ्या ठरावीक लहरींची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं म्हणजे एक सेकंद, अशी ती मोजणी आहे. २०१० साली अमेरिकेत बोल्डरला ॲल्युमिनियमच्या आयनांची (विद्युतभारित अणूंची) दोन अणुघड्याळं घेऊन एक ३३ सेंटीमीटर उंच ठेवलं, म्हणजे जिन्याच्या जेमतेम दोन पायऱ्या. तेवढ्यानंही वरचं घड्याळ पुढे धावल्याचं दिसलं.

हादऱ्यांचा मुद्दा तर टिकतच नाही. १९७१ साली हाफेले आणि कीटिंग या अमेरिकी शास्त्रज्ञांनी सिझियमची चार घड्याळं प्रवासी विमानांतून जगाभोवती फिरवली, एकदा पूर्वेकडे, एकदा पश्चिमेकडे. पूर्वेच्या फेरीत ती सरासरी ५९ नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) मागे पडली, पश्चिमेच्या फेरीत २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. घड्याळं तीच, हादरे तसलेच. हादऱ्यांनी घड्याळ बिघडत असेल, तर त्याला दिशा कशी कळते? पृथ्वी पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पूर्वेला जाणाऱ्या विमानाचा एकूण वेग जास्त भरतो. सापेक्षता नेमका हाच फरक सांगते.

आता मला सर्वांत जवळचा वाटणारा पुरावा. आपल्या मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी १९३८ साली अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांतल्या अल्पायुषी कणांबद्दल लिहिताना अशा कणालाच ‘घड्याळ’ म्हटलं. तो आपोआप फुटतो, म्हणून वेगात असताना त्याचं आयुष्य लांबलेलं दिसलं पाहिजे, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं. पुढे म्युऑन या इलेक्ट्रॉनसारख्या, पण जड आणि अल्पायुषी कणानं ते खरं करून दाखवलं. स्थिर म्युऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दशलक्षांश) जगतो. तेवढ्यात प्रकाशसुद्धा साधारण ६६० मीटरच जातो. तरी सुमारे पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मलेले म्युऑन मोठ्या संख्येनं जमिनीपर्यंत पोचतात. जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९७७ साली त्यांना जवळपास प्रकाशाच्या वेगानं गोल कड्यात फिरवलं, तेव्हा त्यांचं आयुष्य सुमारे ६४ मायक्रोसेकंद भरलं, म्हणजे गणितातल्या अपेक्षेप्रमाणे २९ पट. म्युऑनला ना चक्रं, ना स्प्रिंग. त्यात बिघडायचं काय?

राहिला जीपीएसचा मुद्दा. वरच्या उपग्रहात गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून घड्याळ दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं. वेगामुळे ७ मागे पडतं. निव्वळ ३८ पुढे. हा आकडा मागाहून बसवलेला नाही. १९७७ साली एनटीएस-२ या जीपीएसच्या चाचणी उपग्रहातून सिझियमचं घड्याळ वर पाठवलं, तेव्हा दुरुस्तीची सोय त्यात होती, पण मुद्दाम सुमारे वीस दिवस बंद ठेवली. एक लाख कोटीत ४४६.५ भाग पुढे जाईल, म्हणजे दिवसाला त्या ३८ मायक्रोसेकंदांच्याच आसपास, असं भाकीत होतं. मोजलं तर ४४२.५ आलं. ज्याला बिघाड म्हणतात, तो असा आधी सांगून येत नाही. आज जीपीएसच्या उपग्रहातलं घड्याळ जमिनीवर असतानाच तेवढं मंद लावून ठेवतात, आणि वर गेलं की ते खालच्या घड्याळांच्या चालीनं चालू लागतं.