फ्लेक्सवर गाडीचं काहीच नाही

आज अण्णांचा, माझ्या वडिलांचा, दहावा झाला. नदीवरून परत आलो तर चौकातल्या फ्लेक्ससमोर एक म्हातारे काका उभे. अण्णांचे जुने क्लीनर, कागलहून एसटीनं आलेले. फ्लेक्स दोनदा वाचला आणि मला म्हणाले, "ताई, ह्यात गाडीचं कायच न्हाई लिवलं?"

काय सांगणार? मी दिलेल्या मजकुरात होतं. 'माजी सैनिक व ट्रक ड्रायव्हर.' भावकीतल्या कुणीतरी छापायच्या आधी काढायला लावलं. "ड्रायव्हर बरं दिसत नाही गं, पाहुणे येणार."

बरं दिसत नाही! त्याच स्टेअरिंगवर तीन पोरांची शिक्षणं झाली, दोन लग्नं झाली, घरावर स्लॅब पडला. तेव्हा दिसायचं सगळ्यांना बरं.

फौजेचा मान आपल्या सातारा जिल्ह्यात कुणी शिकवायला नको. अपशिंगे मिलिटरी गावचा, पहिल्या महायुद्धात गेलेल्या 46 जवानांचा स्तंभ अण्णांनीच आम्हाला लहानपणी नेऊन दाखवला. पण अहो, अण्णा फौजेतसुद्धा ड्रायव्हरच होते! 1963 ला एएससीत, म्हणजे फौजेला रसद पोचवणाऱ्या दलात, भरती झाले. 71 ला त्रिपुरात. रेल्वे धर्मनगरला संपायची, तिथून पुढे आगरतळ्याकडे रेशन, डिझेल, दारूगोळा सगळं ट्रकवर. पावसाळाभर चिखलातून शक्तिमान, फौजेचा ट्रक, ओढली त्यांनी. 16 डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानच्या शरणागतीवर सही झाली, 93 हजार युद्धकैदी, ते फोटो दरवर्षी तुम्ही सगळे टाकता. त्या फौजेला भाकरी आणि गोळी पोचवली ती ड्रायव्हरांनी. मग 71 चा ड्रायव्हर वीर आणि 86 चा ड्रायव्हर लपवायचा?

86 म्हटलं की मला खंबाटकीच आठवते. मे महिना, मी अकरा वर्षांची, हट्टानं अण्णांच्या गाडीत बसले होते. कोल्हापूरचा गूळ पुण्याला चालला होता. रात्री दीडच्या सुमारास घाटात कांद्याचा ट्रक पलटी झालेला. ड्रायव्हरला कुणीतरी दवाखान्यात नेलं होतं, आणि त्याचं पोरसवदा क्लीनर रस्त्याकडेला बसून कानडीत रडत होतं. थोड्या वेळानं अंधारातून माणसं आली. मदतीला नाही, पोती घेऊन.

अण्णांनी गाडी कडेला घेतली, चाकामागं लाकडी ठोकळा लावला, वळणाच्या अलीकडं दगड आणि झाडाच्या फांद्या टाकल्या. मला मिलिटरीच्या कांबळ्यात गुंडाळून केबिनमध्ये बसवलं. आणि हातात टॉमी, म्हणजे गाडीतली लोखंडी पहार, घेऊन त्या कांद्याच्या ढिगासमोर उभे राहिले. शिवी नाही, आरडाओरडा नाही. एवढंच म्हणाले, "ह्याच्या घरी पण पोरं हायत." माणसं निघून गेली. उजाडेपर्यंत अण्णा तिथून हलले नाहीत. मी काचेतून बघत होते. मला तेव्हा वाटलं होतं, बॉर्डरवर अण्णा असेच उभे राहत असतील.

मार्केट यार्डात पोचायला उशीर झाला म्हणून व्यापाऱ्यानं भाड्यातले दीडशे रुपये कापले. अण्णांनी घरी सांगितलंसुद्धा नाही. आईला मी सांगितलं.

हो, पिऊन चालवणारे ड्रायव्हर असतात, माहितीये. अण्णा स्वतः त्यांना शिव्या घालायचे. आणि हो, फ्लेक्सचे पैसे भावकीनंच भरले, तेही मान्य.

पण आता लिहिताना राग गेलाय आणि नुसते अण्णाच दिसतायत. रात्री-अपरात्री आले की गाडी वेशीवर लावायचे. आमची झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेऊन घरात यायचे. आई मात्र त्याआधीच उठून चुलीवर पाणी ठेवून बसलेली असायची. कसं कळायचं तिला कुणास ठाऊक. सकाळी उठलो की उशाशी बेळगावचा कुंदा. परवा रात्री आई पुन्हा पाणी तापवत बसली होती. मी काही बोलले नाही, शेजारी जाऊन बसले.

आज संध्याकाळी त्या काकांना तो कांद्याचा ट्रक आठवतोय का विचारलं. त्या फेरीला ते गावी गेले होते. पण म्हणाले, "अशा लई रात्री काढल्या ताई, तुमी कुठली म्हनताय?"

तेराव्याला दुसरा फ्लेक्स लागेल, माझ्या पैशानं. फोटो फौजेतला नाही, गाडीच्या दारात उभे असलेला, खांद्यावर टॉवेल टाकलेला. मजकूर पहिलाच. काकांनाही बोलावलंय, ते येतो म्हणालेत.