लोंबत होता म्हणून कापला म्हणे!

"लोंबत होता मालक, बरं दिसंना, म्हणून कापला." सकाळपासून हेच वाक्य डोक्यात वाजतंय.

अंगणात छोटं तळं करतोय, पाणी मुरू नये म्हणून खड्ड्यात प्लास्टिकचा जाड कागद अंथरलाय. तीनदा सांगितलं होतं त्या गवंड्याला. कडेचा कागद फूटभर जास्त सोडलाय तो मुद्दाम सोडलाय, कंपाउंडकडं जमीन चार इंच खाली आहे, तिथं विटांचा थर घालून कागद त्याच्यावरून मागं घ्यायचा आणि मग दगड बसवायचे. हो मालक, हो मालक. मी चहाला आत गेलो, दहा मिनिटं फक्त, तेवढ्यात ह्यानं विळ्यानं अख्खी कड काठाबरोबर साफ उडवली, विटा नाहीत काही नाही, वरनं दगड मांडून मोकळा! मला बाहेर आल्यावर म्हणतो कसा, आता बघा फिनिशिंग.

आणि मी येडा चार दिवस पाणी कुठं जातंय ते शोधतोय. आधी वाटलं ऊन, त्रेचाळीस डिग्रीत कोण टिकतंय. मग शेजारच्या कुत्र्यावर संशय घेतला, त्याच्या मालकाशी भांडण पण करून आलो. आज शेवटी खालच्या बाजूचा दगड उचलला तर खालची माती चिंब, आणि पाणी बरोब्बर कापलेल्या कडेला येऊन शहाण्यासारखं थांबलेलं. वरच्या बाजूला चार इंच काळा कागद उघडा, तो उन्हात करपतोय ते वेगळंच.

पाणी काय फुकट येतं का? नळाला चार दिवसांआड, ते पण रात्री अडीचला. उजनी भरली तरी आमच्या जुळे सोलापुरात बादल्याच.

जोडायचं म्हटलं तर त्या कागदाला काय चिकटतंच नाही. फेविक्विक लावलं, एम-सील लावलं, सिलिकॉन लावलं, वाळलं की सगळं पापुद्र्यासारखं हातात. गरम मशीननंच जोडावं लागतं. मशीनवाल्याला फोन केला, तो शेततळ्याची कामं करतो, विचारला किती गुंठ्याचं तळं? म्हटलं आठ बाय पाच फूट. हसायलाच लागला ओ!

कागदाचं दुकान अजून वेगळं. मऊ, घडी पडेल असा द्या म्हटलं तर शेततळ्याचा पाचशे मायक्रॉन जाडीचा गळ्यात मारला, कोपऱ्यात दुमडायला गेलं की पत्र्यासारखा उसळतो. आठ फूट लांबी, दोन फूट खोल, म्हणजे आठ अधिक चार अधिक कडेला दोन, चौदा फूट लागतो असा हिशोब चिठ्ठीवर मांडून नेला होता मी, तर म्हणतो दहात बसतंय की साहेब, कशाला खर्च. आणि शेजारचे काका, रोज फिरून येताना गेटवर थांबणार, "सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तळं बांधलं ते अजून टिकलंय, तुमचं कधी व्हायचं?" मग डेंग्यूवर भाषण. गप्पी मासे सोडणार म्हटलं तर म्हणे आधी पाणी तर राहू दे. बरोबर आहे म्हणा, पण तोंडावर कशाला?

खरं सांगायचं तर नळीनं लेव्हल न लावता डोळ्यानं लेव्हल बघणारा मीच. मुरमाचे खडे टोचू नयेत म्हणून कागदाखाली बायकोची लग्नातली सोलापुरी चादर अंथरणारा पण मीच. ती अजून तिला कपाटात आहे असं वाटतंय. आता कागद काढायचा म्हणजे चादर वर येणार, त्यामुळं दुरुस्ती बायको माहेरी गेल्यावरच.

तेवढ्यात परत गवंड्याचा फोन. राहिलेले सातशे कधी देताय. म्हटलं आधी कापलेला कागद आणून दे. तर म्हणतो तो गावाकडं नेला, शेळीच्या शेडवर टाकला, काल वळीव पडला ना, काय कागद आहे मालक, एक थेंब गळला नाही.