साहेब मीटिंगमध्ये आहेत

बढती मिळून कार्यालयप्रमुख झालात? अभिनंदन, पेढे नंतर द्या. आम्ही इंदुरात हेलपाटे घालून जे शिकलो, ते ऐकून घ्या.

अकराच्या आत येऊ नका. साहेब अकराला आले की बाबू साडेअकराला येतो, सगळ्यांचीच सोय होते.

सोमवारी टीएल म्हणजे मुदतीतल्या कामांच्या आढाव्याची बैठक, मंगळवारी जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस. उरलेले दिवस त्यांच्या तयारीला ठेवा.

कामाचं माणूस हेरून सगळ्या फायली त्याच्याच टेबलावर टाका. एक बाई मी पाहिल्या, डबा उघडा ठेवून शिक्के मारत होत्या. पुढच्या खेपेला त्या जागेवर नव्हत्या. आवक-जावकमध्ये बसवल्या म्हणे.

आणि मुख्य म्हणजे तक्रार सोडवू नका, बंद करा. आईच्या पश्चात घराच्या नामांतरणासाठी मी तीन महिने खेटे घालतोय. झेरॉक्सचा सेट दिला, ‘एक और दे दीजिए’ म्हणाले, तोही दिला. पावती मात्र नाही! ठरल्या मुदतीत काम करून देण्याचा लोकसेवा गॅरंटी कायदा आपल्याच मध्य प्रदेशाने देशात सगळ्यांत आधी, २०१० मध्ये केला. उशीर झाला तर अधिकाऱ्याला रोज २५० रुपये दंड, कमाल ५,०००. पण पावतीच नाही तर मुदत कुठून मोजणार? शेवटी १८१, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनचा नंबर लावला. दुसऱ्याच दिवशी फोन: “भाईसाब, कंप्लेंट कटवा दीजिए, साहब की रैंकिंग बिगड़ रही है।” फाइल? “वो तो हो जाएगी।” मी नाही म्हटलं. आठवड्याने मोबाइलवर मेसेज आला, तक्रार फोर्स क्लोज, म्हणजे मला न विचारताच बंद. माझं समाधान झालं म्हणे, आणि ते मलाच मेसेज वाचून कळलं!

अरे, याच शहरात कचरागाडी सकाळी गाणं वाजवत दारात येते ना? २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिला नंबर काय आकाशातून पडला? झाडणारे तेच होते. हजेरी मशीनवर आली, कामचुकारांना घरचा रस्ता दाखवला आणि मोठे साहेब पहाटे गल्लीत येऊन उभे राहिले, तेव्हा झाडू हलला. मग तुमच्या बाबूलाच दोष कसा देऊ? तो बघतो कोणाकडे? तुमच्याच केबिनच्या बंद दाराकडे!

उठा की जरा. खिडकीशी अर्धा तास उभे राहा, आमच्याबरोबर, रांगेत. मग डावीकडच्या कपाटावर बघा. लाल दोरीची फाइल आहे, पंख्याच्या वाऱ्याने कोपरे मुडपलेत, वर माझ्या आईचं नाव आहे. स्टूल घ्या, खाली काढा आणि सही करा.